पुढच्या गुरुवारी

फोन ठेवल्यावर मोहिनीने कपात उरलेला चहा संपवला. चहा गार झाला होता, वर साय धरली होती, तरी तिला तो बरा लागला. मग तिने टेबलावरचं खोकं पुढे ओढलं, त्यातली लाकडी पळी उचलली आणि दांड्याला क्रमांकाची चिठ्ठी बांधायला घेतली. गाठ पहिल्याच खेपेला नीट बसली. दोऱ्याची टोकं कात्रीने कापताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतंय. पुतळाबाईंच्या पुतणसुनेने, सुवर्णाने, आत्ताच सांगितलं होतं, "म्याडम, आत्याबाई गेल्या. सकाळी च्या पाजला, तोंड पुसलं, आन् गेल्या," आणि तिच्या आवाजामागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मोहिनी "अगं बाई" म्हणाली होती, "येते मी लगेच" म्हणाली होती, आवाजही जसा निघायला हवा तसाच निघाला होता. पण "गेल्या" हा शब्द कानात शिरला त्याच क्षणी छातीवरून काहीतरी उतरलं होतं. सुटले, असं ती मनात म्हणाली होती. अगदी या शब्दात. तिने कात्री खाली ठेवली आणि आपले दोन्ही हात टेबलावर पालथे घातले. हात नेहमीचेच होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जसे व्हायचे तसे झालेले, शिरा वर आलेले, नखात दोऱ्याचा रंग. आठ वर्षं, दर गुरुवारी, पुतळाबाईंनी हेच हात आपल्या हातात घेऊन चोळले होते आणि म्हटलं होतं, "किती गार पडत्यात गं तुझे हात. रक्त नाय का अंगात?"

रडू येतंय का ते तिने थोडा वेळ थांबून पाहिलं. आलं नाही. खिडकीबाहेर त्र्यंबक रोडवरून रिक्षा जात होत्या. संग्रहालय एका बंद पडलेल्या विडी कारखान्यात होतं. पावसाळ्यात भिंतींना अजून तंबाखूचा वास सुटे. खाली तीन दालनांत नांगर, पाभरी, जाती, कणग्या, पाळणे. एक्क्याण्णव साली मोहिनी इथे नोंदी करायला म्हणून लागली, तेव्हा तिचं काम वस्तूंशी होतं. वस्तू पुसायची, मोजायची, पाटी लिहायची. पंच्याण्णव साली प्रमुख विश्वस्त धनराजसाहेब मुंबईला कसल्याशा परिषदेला जाऊन आले आणि सगळ्यांना बोलावून म्हणाले, "लोक मरताना देवळाला देतात, गोशाळेला देतात. आपल्याला का देत नाहीत? कारण आपण मागत नाही." महिन्याभरात पत्रक छापून आलं. वारसा-दान योजना. आपल्या माघारी आपली आठवण. मोहिनीने त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून दिल्या, आणि त्या कागदावरून नजर उचलते तोच साहेब म्हणाले, "तुम्हीच जा. म्हातारी माणसं तुमच्याशी बोलतात." ते खरं होतं. तिची आई आजारी होती, घरी दुसरं कोणी नव्हतं, म्हाताऱ्या माणसांशी किती सावकाश बोलावं हे तिला रोजच्या सवयीने येत होतं. कॉलेज रोडवरचे एक निवृत्त इंजिनिअर, पंचवटीतल्या दोघी बहिणी, सिन्नरचे एक तबलजी. मूलबाळ नसलेली किंवा असून परदेशी गेलेली माणसं. ती त्यांच्याकडे जायची, औषधांची नावं लक्षात ठेवायची, मागच्या वेळी अर्धवट राहिलेली हकिकत पुढच्या वेळी आपण होऊन विचारायची. मृत्यू हा शब्द ती कधी उच्चारत नसे. "पुढची व्यवस्था" म्हणायची. त्यांतले चौघे गेले तेव्हा तिला दुःखही झालं नव्हतं आणि हलकंही वाटलं नव्हतं. फायली एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात गेल्या होत्या.

पुतळाबाईंकडे ती गेलीच नव्हती. त्याच आल्या होत्या. शहाण्णवच्या हिवाळ्यात मखमलाबादच्या महिला मंडळाची सहल आली होती, तीस-पस्तीस बायका, सगळ्या माळ्यांच्या घरच्या, केसांत आपल्याच मळ्यातली शेवंती. बाकीच्या बायका पाळण्यांपाशी हसत उभ्या होत्या. एक बाई मात्र पहिल्या दालनात छताला टांगलेल्या मोटेकडे मान वर करून बघत राहिली. ठेंगणी, सत्तरीची, नऊवारी खोचलेली. "ही कुनी टांगली?" तिने विचारलं. मोहिनी म्हणाली, "का हो?" "उलटी टांगलीय. सोंड वर कशी असंल? सोंडेतून पानी पडतं ना बाई. असं ठेवलं तर बैलानं जलमभर वढून बी थेंब यायचा नाय." आणि ती अशी हसली की तिचे चार उरलेले दात दिसले. पाच वर्षं ती मोट तशीच टांगलेली होती. प्राध्यापक येऊन बघून गेले होते, मोहिनीने स्वतः खाली पाटी लिहिली होती. त्या दुपारी पुतळाबाई सहलीबरोबर परत गेल्या नाहीत. कोठाराच्या खोलीत बसून त्यांनी एकेक वस्तू हातात घेतली आणि मोहिनी वहीत लिहीत गेली. हे काय, हे कुठे लागतं, हे बायकांचं की पुरुषांचं, याला तुमच्याकडे काय म्हणतात. पुढे वर्षभर असंच चाललं. संग्रहालयातल्या निम्म्या पाट्या पुतळाबाईंच्या तोंडून आल्या. खाली नाव कोणाचंच नव्हतं, तशी पद्धतच नव्हती.

धनराजसाहेबांनी बातमी ऐकली, चष्मा काढला आणि डोळे मिटले. अशा वेळी ते खरंच डोळे मिटत. मग उघडून म्हणाले, "मूळ मृत्युपत्र आपल्या कपाटात आहे ना?" मोहिनी हो म्हणाली. "घरच्यांना अजून काही..." "नाही. मावशींनी कोणाला सांगितलं नव्हतं." "मग आज आपणही नको. आज फक्त हार न्या. मोठा न्या. संस्थेच्या नावाची पट्टी नको त्यावर." ती दारापाशी पोचली तेव्हा ते मागून म्हणाले, "मोहिनीबाई, तुम्ही फार केलंत त्यांचं." ती "येते" म्हणाली.

स्कूटीवरून अशोक स्तंभ, रामवाडीचा पूल. मागल्या वर्षीच्या सिंहस्थात रस्ते रुंद झाले होते आणि पुलापलीकडे दोन्ही बाजूंना रो-हाऊसच्या पाट्या लागल्या होत्या. मळे मध्येमध्ये राहिले होते, तुटक तुटक. हार पायांपाशी ठेवला होता, त्याचा ओला वास येत होता. या रस्त्यावर ती डोळे मिटून गाडी चालवू शकली असती. गुरुवारी दुपारी दोनला निघायचं, अडीचला पोचायचं. पुतळाबाई ओसरीवर बसलेल्या असायच्या आणि लांबूनच ओरडायच्या, "जेवलीस का?" जेवली असली तरी ती नाही म्हणायची. आई शहाण्णवच्या शेवटी गेल्यानंतर इंदिरानगरच्या त्या दोन खोल्यांत तिला हे विचारणारं कोणी नव्हतं. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, कधी शेवग्याची आमटी. जेवण झालं की मळ्यात फेरी. गुलाबाचे चार वाफे, शेवंती, झेंडू, कडेला कालवा, आणि मधोमध विहीर. विहिरीपाशी आल्यावर पुतळाबाई दर खेपेला तेच सांगायच्या आणि मोहिनी दर खेपेला नव्याने ऐकायची. नवव्या वर्षी लग्न होऊन त्या इथे आल्या. त्यांचे यजमान खंडेराव मोट हाकायचे आणि त्या स्वतः बैलांच्या मागून धावेवर, विहिरीपुढच्या उतारावर, उतरायच्या, चढायच्या, दिवसभर. "पायाला भेगा पडायच्या. पन पानी पडतानाचा आवाज यायचा ना, तर वाटायचं, आपुन केला ह्यो आवाज." खंडेरावांनी एक-एक करून तुकडे विकत घेतले, दोन एकर केले, आणि एकोणनव्वद साली जाताना सगळं बायकोच्या नावावर करून गेले. मूल झालं नव्हतं. शेजारच्या खोल्यांत पुतण्या समाधान आणि त्याची बायको सुवर्णा राहत. मळा तेच करत. पहाटे फुलं तोडून बाजारात नेत, पुतळाबाईंना धान्य, औषध, लुगडं, काय हवं ते देत. भांडण नव्हतं. पण प्रेम होतं असंही मोहिनीला कधी दिसलं नव्हतं. सुवर्णा चहा आणून ठेवायची, पदराने घाम पुसायची आणि वाफ्यात परत जायची. तिला बसून बोलायला वेळ नसे.

अठ्ठ्याण्णव सालची ती दुपार. ऊन होतं, दोघी विहिरीच्या काठावर बसल्या होत्या. त्या वर्षी जमीन पिवळ्या पट्ट्यात आली होती, म्हणजे तिथे घरं बांधायला परवानगी मिळणार होती, आणि पुतळाबाईंच्या कानावर ते आलं होतं. त्या म्हणाल्या, "आमच्या माघारी ह्याचं काय व्हईल कोन जाने." मोहिनीच्या पर्समध्ये पत्रक होतं. ते तिने काढलं नाही. ती विहिरीत बघत म्हणाली, "समाधान विकून टाकील, मावशी. आम्ही जपू." एवढंच. सहा शब्द. ते बोलताना ती खोटं बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे खरोखरच विहिरीवर बसवलेली मोट होती, धावेवरून चालणारे बैल, शाळेची मुलं, आणि ओसरीत पुतळाबाई-खंडेरावांचा फोटो. तिने ते सगळं वर्णन करून सांगितलं. सांगून झालं तशी पुतळाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दीड महिन्याने निबंधक कचेरीत त्यांनी मळा संग्रहालयाला देणाऱ्या मृत्युपत्रावर सही केली. सही करायला त्या मोहिनीकडूनच शिकल्या होत्या, पाटीवर. डॉक्टरांचा दाखला होता, दिनेश वकील होते, दोन साक्षीदार होते. बाहेर येऊन दोघींनी उसाचा रस प्यायला. "घरी सांगू नको," पुतळाबाई म्हणाल्या. "जित्तेपनी वनवास कशाला."

आणि दोन हजार एक साली बैठकीत कोणीतरी विचारलं, त्या मखमलाबादच्या जागेचं काय करायचं ठरलंय. धनराजसाहेब म्हणाले, "ठेवून काय करणार? विहिरीवर मोट लावून तिकीट फाडणार का?" सगळे हसले. नवी इमारत बांधायची तर ती जागा विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, हे तिथे प्रत्येकाला आधीपासून माहीत होतं असं मोहिनीला त्या हसण्यावरून कळलं. तीही हसली. इतिवृत्त तीच लिहीत होती. तिने लिहिलं, 'सदर मिळकतीचा योग्य वेळी योग्य विनियोग करण्यात यावा.' दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. ती गेली, जेवली, विहिरीपर्यंत चालत गेली, मोटेची गोष्ट ऐकली.

आज अंगणात गर्दी होती. पुतळाबाईंना ओसरीत निजवलं होतं. समाधान कोपऱ्यात कोणाशी तरी लाकडांबद्दल बोलत होता. मोहिनी हार घेऊन पुढे झाली तशी सुवर्णाने तो तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला आणि तिला दंडाला धरून म्हणाली, "तुमच्यासाठी थांबलोय म्याडम. आत्याबाई बोलून ठेवल्या व्हत्या. मोहिनीच्या हातचं पानी पडू द्या अंगावर." बायकांनी वाट दिली. मोहिनीने पदर खोचला. तांब्या हातात आला, पाणी कोमट होतं. दोन बायकांनी देह कुशीवर वळवला आणि सुवर्णा पाठ चोळू लागली, तेव्हा मोहिनीला ती पाठ दिसली. सप्टेंबरात मोरीत पडून खुबा मोडला तेव्हापासून पुतळाबाई अंथरुणावर होत्या. पाच-सहा महिने. मोहिनीची आई तीनच महिने पडून होती, तरी तिच्या पाठीला रुपयाएवढ्या जखमा झाल्या होत्या. या पाठीवर एक फोड नव्हता. कातडी सुरकुतलेली, पण स्वच्छ, कुठे लालीसुद्धा नाही. कोणीतरी दर दोन तासांनी हा देह वळवला होता, पुसला होता, कोरडा केला होता, रोज, एकदाही न चुकता. मोहिनी पाणी ओतत राहिली. बायका म्हणत होत्या, पोटची असती तरी एवढं केलं नसतं. त्या कोणाविषयी बोलत होत्या ते तिने वर बघून पाहिलं नाही.

पाण्याचा आवाज होत होता आणि तिच्या डोक्यात डिसेंबरातला तो गुरुवार उभा राहिला. सुवर्णा झेंडूच्या वाफ्यात होती. पुतळाबाई उशीवरून म्हणाल्या, "मोहिनी, त्यो कागद बदलायचा हाय." "कुठला मावशी?" "येड पांघरू नको. घर आन् इहिरीकडचा तुकडा सुवर्णीच्या नावानं करायचा. बाकीचं राहू दे तुमच्याकडं. पोरीनं लय केलं माझं. वकिलाला घिऊन ये." मोहिनी म्हणाली, "आणते ना. पुढच्या गुरुवारी." पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, दिनेश वकील बाहेरगावी आहेत. ते बाहेरगावी नव्हते, तिने त्यांना फोनच केला नव्हता. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, कोर्टाला नाताळची सुट्टी आहे. ते खरं होतं, पण वकिलाला घरी यायला कोर्ट उघडं असावं लागत नाही हे पुतळाबाईंना कुठून कळणार. "बरं," त्या म्हणाल्या. चौथ्या गुरुवारी त्यांनी विचारलंच नाही. माहेरच्या, सिन्नरकडच्या, कुठल्याशा लग्नाची गोष्ट सांगत बसल्या आणि इतक्या हसल्या की खोकला आला. मोहिनीला वाटलं, विसरल्या. जानेवारी गेला. दर बुधवारी झोपताना ती ठरवायची, उद्या वकिलाला घेऊन जायचं. दर गुरुवारी सकाळी काहीतरी दुसरं निघायचं. का, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. साहेबांनी नव्या इमारतीचा नकाशा भिंतीवर लावला होता, हे एक. त्यांच्यापुढे जाऊन, तुकडा गेला, विहीर गेली, रस्त्याकडची बाजू गेली, असं म्हणायची तिची छाती होत नव्हती, हे दुसरं. पण त्याच्याही खाली एक क्षुद्र, चिवट असं काहीतरी होतं. आठ वर्षांत तिने एकच गोष्ट मिळवली होती आणि ती तिला तिच्या हातून कमी होऊ द्यायची नव्हती. ओले पाय, हातात तांब्या, आणि आता कळत होतं की सकाळी फोनवर आपण कशातून सुटलो. उद्याच्या नाही तर परवाच्या कुठल्यातरी गुरुवारी म्हातारी पुन्हा विचारील, या भीतीतून.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी दिनेश वकिलांबरोबर ती गेली. साहेब म्हणाले होते, तुम्ही बरोबर असलात तर त्यांना बरं वाटेल. अंगणात सतरंजी टाकली होती. वकिलांनी वाचून दाखवलं. ते घाईघाईने वाचत होते, डोळे वर न करता. समाधान म्हणाला, "परत वाचा." त्यांनी परत वाचलं. "इहीर बी?" "सगळंच आहे त्यात." "आन् आमी ऱ्हातो त्या खोल्या?" "त्याही त्यांच्याच नावावर होत्या ना." समाधानने टोपी काढली, तिच्यात बघितलं, परत घातली आणि उठून कालव्याकडे निघून गेला. सुवर्णा दारात उभी होती. तिने वकिलाकडे पाहिलंच नाही. "तुम्हाला ठावं व्हतं?" तिने मोहिनीला विचारलं. "हो." "कवापासून?" "अठ्ठ्याण्णवपासून." सुवर्णाने मनाशी काहीतरी लावून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "म्हंजे मी त्यांचं हागनं-मुतनं काढत व्हते, तुम्ही बाजूला बसून च्या पीत व्हत्या, आन् तुम्हाला ठावं व्हतं." वकिलांनी कागद पिशवीत घातले. रिक्षात वकील म्हणाले, "शांतपणे झालं म्हणायचं. मला वाटलं होतं मारामारी होईल."

त्यानंतर आठवडाभर तिने फक्त पाट्या पुसल्या. मग एके दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. डिसेंबर, घर, विहिरीकडचा तुकडा, तीन गुरुवार. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. "लेखी आहे काही?" शेवटी त्यांनी विचारलं. "नाही." "ऐकलं कोणी?" "मी ऐकलं." "तुमच्याखेरीज?" साहेबांनी खुर्ची दाखवली, पाणी मागवलं. "मोहिनीबाई, बसा. आजारी माणूस शेवटी जो जवळ असेल त्याच्या बाजूने बोलतं. चूक नाही त्यात. पण त्यांनी सही केली तेव्हा त्या ठणठणीत होत्या, आपल्या पायाने कचेरीत आल्या होत्या. त्यांची खरी इच्छा तीच. आपण तिचा मान राखायचा." ते इतकं सुंदर बोलत होते की मोहिनीला वाटलं, हे पुढच्या पत्रकात घालता येईल. आणि लगेच तिला कळलं की ते पत्रक लिहायला आपल्यालाच सांगतील आणि आपण लिहू. "तुम्ही थकला आहात," साहेब म्हणाले. "आठ दिवस सुट्टी घ्या."

सुट्टीच्या चौथ्या दिवशी ती मखमलाबादला गेली. कोणता वार आहे हे तिने मुद्दाम पाहिलं नव्हतं, मंगळवार निघाला. ताबा महिनाअखेरीला घ्यायचा होता. ओसरी रिकामी होती, खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. सुवर्णा गुलाबाच्या वाफ्यांत खोरं घेऊन पाणी वळवत होती. तिने मोहिनीला बघितलं आणि खोरं थांबवलं नाही. मोहिनी पाटाच्या कडेने चालत तिच्यापर्यंत गेली. बोलायचं ते तिने रस्ताभर जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच, तुटक. "सुवर्णा, मावशींनी मला सांगितलं होतं. कागद बदलायचा म्हणून. घर आणि विहिरीकडचं तुझ्या नावाने करायचं म्हणाल्या होत्या. वकील आण म्हणाल्या. मी आणला नाही." ती थांबली. आता सुवर्णा ओरडेल, खोरं फेकील, केस धरील. मोहिनीला ते हवं होतं. त्यासाठीच ती आली होती हे तिला त्याक्षणी स्पष्ट दिसलं.

सुवर्णाने एका वाफ्याचं तोंड मातीने बंद केलं, दुसऱ्याचं उघडलं. "ठावं हाय मला," ती म्हणाली.

"काय?"

"आत्याबाईंनी सांगितलं व्हतं. पयल्याच दिवशी सांगितलं. म्हनल्या, मोहिनीला वकील आनाया सांगितलाय, तुझ्या नावानं करते घर. दुसऱ्या गुरुवारी तुम्ही हात हालवत आल्या. तिसऱ्या बी. त्या दिवशी रातच्याला पाय चेपताना म्हनल्या, ती काय आनायची नाय."

मोहिनीला आपल्या पायांखालची माती ओली होत असल्याचं जाणवलं. "मग... मग तुम्ही दुसरा कोणी..."

"बोलले ना मी. गावात वकील कमी हायेत का? हे पन बोलले, आपल्या वळखीचा हाय, उद्या आनतो. तर आत्याबाई म्हनल्या, नको." सुवर्णा आता सरळ उभी राहिली. तिच्या कपाळावर चिखलाचा एक थेंब होता. "म्हनल्या, दुसऱ्याकडून कागद केला तर तिला कळंल. कळलं तर ती यायची नाय."

कालव्यावर कोणीतरी कपडे आपटत होतं. सुवर्णा बोलत राहिली, आवाज न चढवता, जणू हे शब्द तिने इतक्या वेळा मनात घोळवले होते की आता त्यांत धार उरली नव्हती. "म्हनल्या, करंल तीच कधीतरी. तिच्या मनाला लागंल, मंग करंल. तोवर येऊ दे. माझ्याशी बोलाया दुसरं कोन येतं? मी म्हनलं, आत्याबाई, मी हाय ना. तर म्हनल्या, तू हायेस, पन तुला कुठं टायम हाय." ती हसल्यासारखी झाली. "खरं व्हतं ते. नव्हता मला टायम. त्यांचंच करण्यात नव्हता."

मोहिनी काही बोलायला गेली. माफ कर, हे दोन शब्द जिभेवर आले आणि इतके हलके लागले की तिने ते गिळले.

"एक विचारू म्याडम? खरं सांगा. तुम्हाला आवडायचं का हितं यायला? का ते बी कामच व्हतं?"

ओसरी, भाकरी, हात चोळणारे हात, चार दात, ती शंभरदा ऐकलेली गोष्ट. मोहिनीला त्या फोनपासून आजपर्यंत न आलेलं रडू एकदम दाटून आलं, आणि ते आत्ता, या बाईसमोर, येऊ देणं हीसुद्धा एक चोरी झाली असती. तिने ओठ आवळले. "आवडायचं," ती म्हणाली.

सुवर्णाने मान हलवली. "मंग तुम्हाला दोन्ही मिळालं," ती म्हणाली, आणि खोरं उचललं. "सरका. पानी आलंय, तुम्ही पाटात उभ्या हायेत."

मोहिनी सरकली. पाणी तिच्या चपलांना वळसा घालून पुढे गेलं, गुलाबाच्या बुडाशी पसरलं, मातीत जिरू लागलं. सुवर्णा वाकून पुढच्या वाफ्याकडे गेली. तिला अजून तीन वाफे भरायचे होते, आणि पंपाची वीज चारला जाणार होती.